संस्थेतल्या मुलांना भावना ओळखायला कसं शिकवायचं?

सावनी_नाशिक
आमच्या जिल्ह्यातल्या मुलींच्या एका बालगृहात आम्ही दोघी मैत्रिणी रविवारी जातो. आजवर गणित आणि इंग्रजी घेत होतो. आता अधीक्षिका मॅडमनी सुचवलंय, की मुलींसाठी 'भावनिक बुद्धिमत्ता' या विषयावर काही सत्रं घ्या. मुली साधारण आठ ते तेरा वयाच्या. कुणाला आईवडील नाहीत, कुणाला आई आहे पण तिला सांभाळणं झेपत नाही, काहींची केस कोर्टात चालू आहे.

नेटवर शोधलं की चेहऱ्यांचे तक्ते मिळतात. हसरा, रडका, रागावलेला, घाबरलेला. मुलींनी तो तक्ता बघता बघता पाठ केला. "आज कसं वाटतंय?" विचारलं की सगळ्या एका सुरात "छाऽऽन!" आणि त्याच दुपारी जेवणाच्या रांगेत धक्का लागला म्हणून एक जण दुसरीच्या हाताला चावते. एक मुलगी चिडली की कपाटामागे जाऊन बसते, मग कितीही हाका मारा, बोलत नाही.

हे सत्रं घेऊन शिकवता येतं का? आणि आठवड्यातून एकदा बाहेरून येणाऱ्या माणसाने यात हात घालावा का? संस्थेत काम करणारे, संस्थेत वाढलेले, दत्तक पालक, शिक्षक, सगळ्यांनी लिहा.

चहाबाज
वाचतोय. चांगला धागा.

मनमोर
मी मुलांसोबत समुपदेशनाचं काम करते, त्यात संस्थेतली मुलंही असतात. जरा सविस्तर लिहिते.

तक्ता वाईट नाही, पण तो फार पुढचा टप्पा आहे. बाळ रडतं तेव्हा घरातलं कुणीतरी त्याला उचलून म्हणतं, "भूक लागली का गं?", "दचकलीस होय?", "झोप आलीय, म्हणून किरकिर चाललीय." हे दिवसातून कितीतरी वेळा होतं. बाळाला काय होतंय ते आधी मोठ्या माणसाला कळतं, त्याच्या तोंडून ते बाळाला कळतं, आणि मग शांत होणंही त्याच माणसाच्या खांद्यावर शिकून होतं. सॅलोव्ही आणि मेयर या दोघांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची जी मांडणी केली, त्यातल्या भावना ओळखणं, समजणं, सांभाळणं या गोष्टींची सुरुवात इथे होते. बालगृहात येणाऱ्या बऱ्याच मुलांचं हे शिक्षण मध्येच तुटलेलं असतं. काहींच्या घरात तर रडणं धोक्याचं होतं, रडलं की जास्त मार. अशा मुलीने चेहऱ्यावर काहीही दिसू न देण्याची सवय लावून घेतली, म्हणून ती तिथे टिकली. तुमच्या मुलींचं "छान" त्या नजरेने बघा. ते खोटं बोलणं नाही.

आता तुमचा प्रश्न. रुमानियात २००० नंतर बुखारेस्टच्या सहा संस्थांमधल्या १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यातली निम्मी मुलं प्रशिक्षित पालक कुटुंबांत (फॉस्टर फॅमिली, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणारी घरं) ठेवली. साधारण दोन वर्षांच्या आत ज्यांना कुटुंब मिळालं, ती मुलं माणसांशी जवळीक जोडण्यात सगळ्यात चांगली सावरली. उशिरा गेलेल्यांनाही काही बाबतींत फायदा झाला. मूल टिकाऊ माणसाजवळ सावरतं, हे आम्ही रोजच्या कामातही बघतो.

म्हणून तुम्ही जाच. पण सत्राचा विषय काय, यापेक्षा तुम्ही कशा जाता ते जास्त शिकवेल. ठरलेला वार, ठरलेली वेळ, त्याच दोघी. पुढच्या रविवारी जमणार नसेल तर या रविवारी सांगून टाका. अचानक गैरहजर राहू नका.

खडूस_खानदेशी
कुणाला राग आला तरी लिहितो. या मुलांना भावनांचे क्लास नकोत. त्यांना आधार कार्ड हवं, अनाथ प्रमाणपत्र हवं, दहावीला बसायला वेळेवर फॉर्म हवा. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथ मुलांना १ टक्का आरक्षण दिलं, पण हातात प्रमाणपत्र नसेल तर त्याचा उपयोग काय? अठरा पूर्ण झाले की बॅग भरून गेटबाहेर. त्या दिवशी त्याला 'मला उदास वाटतंय' असं नीट सांगता आलं म्हणून कोण खोली देणार आहे? तुम्हा दोघींचा रविवार गणितातच जाऊ दे.

पाटीपेन्सिल
खानदेशी, प्रमाणपत्राबद्दल शंभर टक्के सहमत. पण गणिताचंच बोलायचं तर, माझ्या वर्गात जवळच्या बालगृहातली मुलं आहेत. ज्या आठवड्यात बालकल्याण समितीची (मूल कुठे राहणार ते ठरवणाऱ्या समितीची) तारीख असते, त्या आठवड्यात त्यांचं गणित बंद पडतं. वही उघडी, पेन्सिल हातात, आणि पोरगं खिडकीबाहेर बघत बसलेलं. भावना बाजूला ठेवून त्यांना भागाकार शिकवायला मला तरी जमलेलं नाही.

एक_जून
मी नऊ ते अठरा वयात संस्थेत होतो. आता पुण्यात नोकरी करतो. संस्थेचं नाव लिहिणार नाही.

खानदेशी दादा, कागदपत्रांचं तुमचं म्हणणं खरं आहे, मी स्वतः त्यासाठी चपला झिजवल्या. पण अठराला सगळं संपतं असं नाही. बाल न्याय कायदा २०१५ मध्ये अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या मदतीची, तरतूद आहे, एकविसाव्या वर्षापर्यंत. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत त्यासाठी महिना ४,००० रुपये धरलेत. प्रत्येकाला ते मिळतं असं नाही, पण तरतूद आहे हेच पुष्कळ मुलांना सांगितलेलं नसतं.

आता भावनांचं. मला खोलीही मिळाली आणि नोकरीही. पहिल्या ठिकाणी सुपरवायझर सगळ्यांसमोर ओरडला. दुसऱ्या दिवसापासून मी जाणंच बंद केलं. पगारही घ्यायला गेलो नाही. पुढच्या ठिकाणीही तेच. माझ्याबरोबर बाहेर पडलेल्या मुलांचं बघा, निम्म्यांची हीच गोष्ट. आम्हाला मोठ्या माणसाचा आवाज चढला की दोनच गोष्टी माहीत: अंगावर जायचं किंवा पळायचं. साहेब ओरडला, तरी संध्याकाळी तोच चहा पाजतो आणि विषय संपतो, हे घरात वाढलेल्या मुलाने आईबापाकडे पाहिलेलं असतं. आम्ही कुठे पाहणार? आमच्याकडे जो ओरडायचा, त्याची बदली व्हायची आणि नवीन कुणीतरी यायचं.

खोली मिळाली, पण ती टिकवायला जे लागतं तेही कुणीतरी शिकवायला हवं ना.

विदर्भवीर
एक_जून, सलाम. आयडीचं रहस्य कळलं. आमच्याकडे बाबा, दोन्ही काका आणि मोठे मामा, सगळे १ जूनचेच. शाळेच्या रजिस्टरात गुरुजींनी टाकलेली तारीख.

एक_जून
बरोबर ओळखलंत. आमच्या खोलीत सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी असायचा. केक एकच, त्यामुळे वाटा छोटा यायचा!

ओवीची_आई
आमची लेक सहा वर्षांची असताना दत्तक आली. पहिले काही महिने ती इतकी शहाण्यासारखी वागली, की नातेवाईक म्हणायचे, "किती गुणी पोर आहे!" भाजी कुठलीही असो, ताट चाटूनपुसून स्वच्छ. रस्त्यात भेटलेल्या कुठल्याही बाईचा हात धरायची. सोसायटीत सगळ्यांना ते फार गोड वाटायचं, आमच्या समुपदेशक ताईंना मात्र त्याचीच काळजी वाटली. खास आपलं असं माणूस नसलं की मूल सगळ्यांनाच आपलं म्हणून बघतं, असं त्या म्हणाल्या.

मग एक दिवस दप्तर फेकून मारलं. "तू माझी आई नाहीस" म्हणून किंचाळली. उशीखाली पोळीचे तुकडे सापडायला लागले. ताई म्हणाल्या, आता तिला भरवसा वाटायला लागलाय, की रागावलं तरी हे लोक मला परत पाठवणार नाहीत. पोळीवर आम्ही काही बोललो नाही. पलंगाजवळ एक डबा ठेवला, रोज रात्री तिने स्वतः त्यात काय हवं ते भरायचं. पुढे डबा रिकामा राहायला लागला.

सावनी, तुमची चावणारी मुलगी बघून म्हणूनच मला काळजी कमी वाटते. कपाटामागची जास्त.

मनमोर
ओवीची आई, +१. फक्त एक सांगते. संस्थेतली मुलगी तुम्हाला पहिल्याच दिवशी मिठी मारते, "ताई, मला घरी ने" म्हणते, तेव्हा आपण विरघळतो. तिला झिडकारू नका, पण "नेईन हं एकदा" असंही म्हणू नका. तिच्या खात्यावर मोडलेली वचनं आधीच पुष्कळ आहेत.

लेस्टरकर
मी इंग्लंडमध्ये सोशल वर्कर आहे. इथे बहुतेक मुलं संस्थेऐवजी पालक कुटुंबात असतात. चार ते सोळा वयाच्या मुलांसाठी त्यांना सांभाळणाऱ्याने एक भावनिक-वर्तनविषयक प्रश्नावली भरायची असते, त्यावरून कुणाला मदत लागेल ते बघतात. २०१४ पासून अठरानंतरही, दोन्ही बाजूंची इच्छा असेल तर, एकविसाव्या वर्षापर्यंत त्याच कुटुंबात राहता येतं.

पण इकडे सगळं आलबेल आहे असं समजू नका. पालक कुटुंबं कमी पडतात, मुलं या घरातून त्या घरात हलत राहतात. सामान काळ्या कचऱ्याच्या पिशवीत भरून मूल दारात उभं राहिलेलं मी पाहिलंय. कुटुंब असलं, पण ते दरवर्षी बदललं, तर एक_जून म्हणतात त्याच ठिकाणी आपण पुन्हा येतो.

घेण्यासारखी एक गोष्ट आहे: मुलाची जीवनकहाणी. एक वही. त्यात जन्म कुठे झाला, कोण कोण होतं, आधी कुठे राहत होतो, इथे का आलो, हे मुलाला कळेल अशा भाषेत लिहायचं. फोटो नसेल तर चित्र. 'मी वाईट होते म्हणून आईने मला सोडलं' असं मूल मनाशी धरून बसलेलं असतं, ते त्या वहीतून हळूहळू सुटतं. मात्र हे काम मुलाची फाइल माहीत असलेल्या माणसानेच करायचं. सावनी, तुम्ही एकटीने सुरू करू नका.

कृष्णाकाठ
मी मुलींच्या संस्थेत काळजीवाहक आहे. पोरी मावशी म्हणतात. इथे सगळ्यांनी छान छान लिहिलंय, पण मुलींजवळ चोवीस तास कोण असतं? आम्ही. तर आमचंही ऐका.

सावनीताई, तुम्ही दुपारी येता. दुपार चांगली असते. वाईट वेळ दिवेलागणीची. शाळा सुटली, खेळून झालं, बाहेर अंधार पडला, की पोरींची भांडणं सुरू. कंगवा घेतला, चादर ओढली, माझ्या जागेवर बसली. नवीन असताना मला वाटायचं, या पोरी भांडकुदळ आहेत. माझ्या आधीपासून इथे असलेल्या मावशी म्हणाल्या, अगं, या वेळेला घरात आई चुलीपाशी असते, तिची आठवण येते. त्या दिवसापासून मी दिवेलागणीला पोरींना भाजी निवडायला, शेंगा सोलायला बसवते. हात चालू लागले की तोंड आपोआप उघडतं. मी काही विचारत नाही. "आमच्याकडे मेथी अशी निवडायचे" इथून सुरू होतं आणि कुठल्या कुठे जातं. जिला नाही बोलायचं, ती नुसती शेंगा सोलते.

दुसरी वाईट वेळ भेटीच्या दिवसाची. जिचं कुणी येणार म्हणून सांगितलेलं असतं, ती सकाळी सातला वेणीफणी करून तयार. दुपार होते, कुणी येत नाही. संध्याकाळी तीच पोरगी दुसरीचं ताट लाथाडते. बाहेरचं माणूस म्हणेल, काय उद्धट आहे. मी तिला आधी शेजारी बसवते, म्हणते, "वाट बघून बघून जीव शिणला तुझा." मग ती रडते. रडून झालं की सांडलेलं आम्ही दोघी मिळून पुसतो. पुसायला मात्र लावतेच. राग आला यात चूक काही नाही, पण अन्न सांडलं ते पुसायचं.

दिवाळीचं तर विचारू नका. काही पोरी सुट्टीत घरी जातात, बाकीच्या गेटला नाक लावून बघतात. पाहुणे फराळ आणतात, तो चार दिवसांत इतका होतो की पोरींची पोटं बिघडतात, आणि नंतर दोन महिने कुणी फिरकत नाही.

अंथरूण ओलं होतं त्या पोरींना मी रात्री एकदा उठवते. सकाळी चादर गुपचूप बदलायची, नाव घ्यायचं नाही. हे पण भावनांचंच काम आहे ना? मला त्याचं शास्त्रातलं नाव माहीत नाही.

शेवटचं. रात्री चाळीसेक पोरींना मी एकटी असते. एकीला ताप, दुसरीला स्वप्न पडून दचकलेली, तिसरी उगीच जागी. माझा पण आवाज चढतो. मला कुणी विचारत नाही, मावशी, तुम्हाला कसं वाटतंय. पोरींसाठी ट्रेनिंग खूप येतात. आमच्यासाठी आलंच तर सह्या आणि फोटोपुरतं.

सावनी_नाशिक
मावशी, तुमचा प्रतिसाद मी मोठ्याने माझ्या मैत्रिणीला वाचून दाखवला. खूप आभार.

चहाबाज
यावर मावशींनी वेगळा लेख लिहावा अशी जाहीर मागणी.

खडूस_खानदेशी
मावशी, तुमच्या शेंगा सोलण्याला माझा अजिबात विरोध नाही. विरोध आहे तो प्रोजेक्टर लावून घेतलेल्या शिबिराला. आणि चाळीस पोरींना रात्री एक बाई हे वाचून माझा मूळ मुद्दा पक्का झाला. आधी माणसं भरा. मावशींची संख्या आणि पगार वाढवणं हाच भावनिक बुद्धिमत्तेचा सगळ्यात मोठा कार्यक्रम आहे.

मनमोर
खानदेशी, या वाक्याखाली माझीही सही घ्या.

देणगीदार_डोंबिवली
मी दरवर्षी मुलाचा वाढदिवस एका बालगृहात करतो. केक, जेवण, प्रत्येकाला भेटवस्तू. आमच्या मुलालाही जाणीव होते की आपल्याला किती मिळालंय. मावशींचं फराळाबद्दलचं वाचून वाईट वाटलं. हे चूक आहे का?

एक_जून
दादा, तुमची भावना चांगली आहे, पण आम्ही काय अनुभवायचो ते सांगतो. पाहुणे येणार म्हणून अभ्यास सोडून रांगेत बसायचं. गाणं म्हणायचं. अनोळखी मुलाला 'हॅपी बर्थडे' म्हणायचं, त्याच्या शेजारी आई उभी, बाप उभा. फोटो होईपर्यंत हसायचं, मगच जेवण. आतून काय वाटतंय ते बाजूला ठेवून समोरच्याला हवा तसा चेहरा करायचा, याचं प्रशिक्षण मला या वाढदिवसांनी दिलं. सावनीताईंच्या मुलींचं "छान" तिथूनही आलेलं असू शकतं. आणि आपल्याला किती मिळालंय हे तुमच्या मुलाला कळावं, म्हणून आम्ही समोर बसायचं, हे मला आजही टोचतं.

पैसे जरूर द्या. त्या पैशांतून संस्थेतल्या मुलांचे वाढदिवस होऊ देत, ज्याचा त्याचा वेगळा. त्या दिवशी जेवायला काय करायचं ते त्या मुलाला विचारा.

देणगीदार_डोंबिवली
पटलं. यंदा अधीक्षकांशी बोलून तसंच करतो.

पाटीपेन्सिल
शाळेतही हे होतं. 'माझी आई' निबंध, वंशवृक्षाचा प्रकल्प, 'आईला घेऊन या' असा कार्यक्रम. मी आता 'माझं आवडतं माणूस' असा विषय देते. एका मुलाने शाळेच्या शिपाईकाकांवर असा निबंध लिहिला, की काकांनी त्याची झेरॉक्स काढून खिशात ठेवली.

संपादक मंडळ
एका प्रतिसादातला मुलीचं गाव आणि केस ओळखता येईल असा तपशील काढून टाकला आहे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करण्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार बंदी आहे, आणि त्यासाठी शिक्षाही आहे. संस्थेतले फोटो कृपया टाकू नका.

मनमोर
बरं झालं मंडळाने लिहिलं, त्याला जोडूनच एक. सावनी, मुली बोलायला लागल्या की कधी ना कधी एखादी म्हणेल, "ताई, एक सांगते, पण कुणाला सांगू नको." कबूल करू नका. "तुला धोका असेल असं काही असलं, तर मला मदत मागावी लागेल, पण सगळ्यांत बोभाटा करणार नाही" असं आधीच सांगून ठेवा. लैंगिक अत्याचाराबद्दल काही कळलं तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे, तुम्ही स्वयंसेवक असलात तरी. खोदून खोदून विचारायचं नाही, शांतपणे ऐकायचं, "तू सांगितलंस ते बरं केलंस" म्हणायचं, आणि त्याच दिवशी पुढचं पाऊल उचलायचं. हे ठरलेलं नसेल तर भावनांचा विषय उघडूच नका.

एक_जून
अजून एक लिहायचं राहिलं. बाल न्याय कायद्याच्या आदर्श नियम २०१६ प्रमाणे प्रत्येक संस्थेत मुलांच्या समित्या असायला हव्यात, ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८ अशा तीन वयोगटांच्या. बऱ्याच ठिकाणी त्या रजिस्टरात असतात. आमच्याकडे एका सरांनी ती खरोखर चालवली. पहिली बैठक म्हणजे नुसता आरडाओरडा. सरांनी नियम केला: बोलण्याआधी समोरचा काय म्हणाला ते सांगायचं, मग आपलं. आम्ही अंघोळीच्या पाण्याचा प्रश्न नेला, जेवणातला रोजचा भोपळा बदलून घेतला. आपण नीट बोललो की काहीतरी हलतं, हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं. नोकरी टिकायला लागली त्याचं थोडं श्रेय त्या भोपळ्याला.

सावनीताई, सत्रं घ्यायचीच असतील तर ही समिती जिवंत करा. मुलींच्या हातात एखादा खरा निर्णय द्या, पडद्याचा रंग का असेना.

ओवीची_आई
आणि कपाटामागच्या मुलीचं काय? तिला तिथून ओढून काढू नका एवढंच म्हणेन. आमची लेक पलंगाखाली जायची. मी जमिनीवर जरा अंतरावर बसून माझं काहीतरी करत राहायचे, शिवण, भाजी. "मी इथेच आहे, तुझं झालं की ये." सुरुवातीला फार वेळ लागायचा.

मनमोर
हेच. आणि ती बाहेर आली की लगेच 'तुला काय वाटलं' विचारू नका. पाणी द्या. पोट दुखतंय का, हात गार पडलेत का, असं शरीराचं विचारा. या वयात बऱ्याच मुलांना राग, भीती हे आधी पोटात नि छातीत कळतं. शब्द नंतर येतात.

सावनी_नाशिक
सगळ्यांचं वाचून आमचं ठरलंय. सत्रांचं वेळापत्रक बाजूला ठेवतोय. मुलींच्या समितीबद्दल आणि काही गंभीर कळलं तर कुणाला सांगायचं याबद्दल मॅडमशी या आठवड्यात बोलू. त्यांनी मागितलेल्या विषयातली पहिली वेळ मावशींसाठी मागायची आहे. कृष्णाकाठ मावशी, मावशींना कधी आणि कसं भेटलेलं सोयीचं होईल? काय घेऊ?

कृष्णाकाठ
ताई, रविवार नको. रविवारी सगळ्या पोरी असतात, अंघोळी, धुणं, उवांची औषधं, आम्हाला बसायला फुरसत नसते. मधल्या वारी पोरी शाळेत गेल्या की दुपारी दोन ते चार मोकळी वेळ असते, तेव्हा या. खुर्च्या मांडून भाषण करू नका, जेवणाच्या खोलीत खाली बसा. काय घेऊ म्हणता, तर आधी काहीच घेऊ नका. कुठली पोरगी कशाने बिघडते आणि कशाने शांत होते, एवढं विचारा आणि वहीत लिहून घ्या. मावशी बदलली की हे सगळं तिच्याबरोबर जातं, नवीनला काही कळत नाही. ती वही ऑफिसात कुलपात राहील असं मॅडमना सांगा.

रात्रपाळीच्या मावशींना मात्र दुपारी बोलावू नका, त्यांची झोप ती. त्या संध्याकाळी ड्यूटीवर येतात तेव्हा अर्धा तास आधी या, चहा आम्ही ठेवू.